सांगड ओढणारी नाव

दौंडच्या लोको शेडमधला फिटर इनुस शेख याचं एक पक्कं मत होतं. जगातली कुठलीही वस्तू हातोडीनं ठोकून बघितली की ती आपली तब्येत आपणहून सांगते. इंजिनाची चाकं तो ठोकायचाच, तो तर त्याच्या पोटापाण्याचा धंदा होता. पण बाजारातलं कलिंगड, नवा माठ, सासुरवाडीहून आलेला पितळी हंडा, सगळ्यालाच ठोकून तो कान लावायचा. लग्नाच्या वेळी आपल्याला ठोकून बघितलं नाही हेच नशीब, असं त्याची बायको रशिदा क्वार्टरमधल्या शेजारणींना सांगायची. सांगताना तिला हसू फुटायचं, कारण तो माणूस तिला आवडायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी आवडायचा, आता यात लपवण्यासारखं काय आहे.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात या इनुसपुढं दोन नावा आल्या आणि दोन्ही एकाच आठवड्यात ठोकून बघायची पाळी आली.

रेल्वेच्या फिटरला नाव कशाला, असं कुणीही विचारील. इनुसचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठावरचं. थोरला भाऊ महबूब तिथं शेती बघायचा. दरवर्षी मे महिन्यात इनुस पंधरा दिवसांची रजा काढून बायको आणि लेकीला घेऊन गावी जायचा, आणि त्या पंधरा दिवसांत शेख मंडळींचा एकच उद्योग असायचा, तो म्हणजे सांगड. दोन वाळके भोपळे आडव्या काठीला बांधायचे, त्या काठीवर छाती टेकून पोरानं पाण्यात आडवं व्हायचं, आणि सांगडीला दोर लावून पुढं नावेनं ओढत न्यायचं. दुपारी उतारू नसले की हौसराव नावाडी आपली नाव द्यायचा आणि स्वतः वल्हवायचा. महबूबची चारही पोरं त्या सांगडीवर लहानाची मोठी झाली. इनुस आणि महबूबही तिच्यावरच पोहायला शिकले होते.

पण आता हौसराव सत्तरीला आला होता. गुडघे बोलत होते आणि गावात एसटी यायला लागल्यापासून उतारूही राहिले नव्हते. शिरूरचा एक सुतार नावेच्या फळ्या मागत होता. हौसरावनं महबूबला निरोप दिला, "तुमी घेत असाल तर तुमाला. न्हाईतर सोमवारी सुतार येऊन तोडून नेतोय." आणि नेमका त्याच आठवड्यात शेडचा फोरमनसाहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला. त्याची एक पांढरीशुभ्र होडी होती, सुट्टीच्या दिवशी दौंडच्या नदीत फिरवायची. तिच्यावर इनुसची नजर आहे हे साहेबाला ठाऊक होतं. "आठ दिवस घेऊन जा, आवडली तर तुझी," असं तो म्हणाला.

महबूबनं आधीच बजावलं होतं, "घ्यायची तर येकच. दोन दोन नावांना तेल आन् डांबर कोन लावनार? मी शेतकरी हाय."

साहेबाची होडी बैलगाडीवर पालथी बांधून गावात आणली, तेव्हा वाटेत दोन ठिकाणी लोकांनी गाडी थांबवून विचारलं, गुरांना पाणी पाजायची एवढी लांब डोण कुणासाठी चालली आहे. इनुसनं उत्तर दिलं नाही. त्याच्या मनात भलतीच गोष्ट होती, आणि ती रशिदाला आदल्या रात्रीच कळली होती.

त्यांना एकच लेक, गुलशन, अकरा वर्षांची. चार वर्षांची असताना तिला ताप आला, तो उतरला पण उजव्या पायातली ताकद घेऊन गेला. गुडघ्यावर हात दाबून ती चालायची, शाळेत जायची, वर्गात पहिली-दुसरी यायची. नदीवर मात्र ती काठावरच. गेले चार उन्हाळे महबूबची पोरं पाण्यात दंगा करायची आणि गुलशन आईच्या शेजारी खडकावर बसून कुणाचा किती वेळ श्वास टिकतो ते मोजायची. रशिदा तिच्याजवळून हलायची नाही. जावेनं कितीदा म्हटलं, चल, नावेत तरी बसू. रशिदा म्हणायची, पोरगी एकटी पडेल.

"सांगडीवर पाय लागत न्हाईत," इनुस तिला म्हणाला होता. "हातानं धरायचं न् पडून ऱ्हायचं. ओढायचं काम बोटीचं. चांगली बोट आसंल तर पोरीला पाण्यात न्यायला काय हरकत हाय?"

रशिदा कवठे येमाईची. माहेरच्या मळ्यात पाणी म्हणजे विहिरीतलं, पोहऱ्यानं वर येईल तेवढंच. वाहतं पाणी बघितलं की तिचे पाय आपोआप मागं यायचे. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिला एकदम नाही म्हणवेना.

"येकदाच," ती म्हणाली. "येकदा बघायचं. काय इपरीत झालं, तर परत पोरीपुढं पान्याचं नाव काढायचं न्हाई. कवाच न्हाई. हाय कबूल?"

"कबूल."

गुलशनला विचारलं तेव्हा तिनं आईकडं बघितलं आणि म्हणाली, "अम्मा म्हनंल तसं."

रविवारी सकाळी सगळे डोहावर जमले. दोन्ही नावा शेजारी शेजारी लावलेल्या. साहेबाची होडी सडपातळ, पांढरा रंग, दोन हलकी वल्ही, बसायला एकट्या वल्हवणाऱ्यापुरती फळी, आणि शेपटाला एक झगझगीत पितळी कडी. हौसरावची नाव काळीकुट्ट, रुंद, तळ सपाट, डांबराचा वास मारणारी. इनुसनं हातोडी आणली होतीच. पांढरी होडी टणटण वाजली. काळी नाव धप्प वाजली, आणि इनुसनं नापसंतीनं मान हलवली.

मग तो वाकून तपासायला लागला. काळ्या नावेच्या मधल्या आडव्या फळीवर त्याला एक खाच दिसली. बोटभर खोल, गुळगुळीत.

"मामा, ही फळी पार झिजलीया."

"झिजनारच," हौसराव म्हणाला. "चाळीस वरसं तिलाच सांगडीचा दोर बांधतोय."

"मधी? आन् मागं कडी न्हाई?"

"कशाला?"

इनुसला हसू आलं. शेडमधल्या नव्या पोराला समजावून सांगावं तशा सुरात तो म्हणाला, "मामा, डबा इंजिनाच्या मागं जोडत्यात. पोटात न्हाई."

हौसराव तसा भांडखोर माणूस नव्हता. त्यानं विडी पेटवली, धूर सोडला आणि विचारलं, "तुझं इंजिन रुळावर चालतं न्हवं?"

"व्हय."

"मग बरोबर हाय तुझं," एवढं बोलून तो आपल्या नावेत जाऊन बसला.

इनुसनं पितळी कडीला दोर बांधला. आधी महबूबची पोरं एकेक करून सांगडीवर बसली आणि पांढरी होडी खरोखरच सुसाट गेली. हौसरावची नाव डोहाचा एक फेरा मारायची तेवढ्यात हिचे दोन व्हायचे. पोरांनी काठ डोक्यावर घेतला. डोहाच्या खालच्या अंगाला खडकांमधून पाण्याची जोरकस धार निघत होती. तिच्या अलीकडं उंबराचं झाड होतं आणि उंबरापाशी वळायचं असा नियम. पांढरी होडी चारही वेळा उंबरापाशी छान वळली. इनुसनं काठावर उतरून घाम पुसला आणि रशिदाकडं बघितलं. त्या बघण्यात इतका अभिमान होता की रशिदाला त्याच्यावर रागावताही येईना.

मग त्यानं गुलशनला उचललं आणि पाण्यात सांगडीवर ठेवलं.

रशिदा काठाशी उभी होती. पोरीनं काठी घट्ट धरली, हनुवटी पाण्यावर ठेवली. होडी निघाली, दोर ताणला गेला आणि गुलशन सरकन् पुढं गेली. तिचे दोन्ही पाय पाण्यात मागं लांब पसरले होते आणि वरून बघणाऱ्याला धड कुठला आणि अधू कुठला ते काही कळत नव्हतं. आपली लेक अशी आडवी होऊन पाणी कापत जाताना तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती, आणि तिला ती फार सुंदर दिसली.

उंबर आला. इनुसनं वळवायला एक वल्हं जोरात मारलं. होडी वळली नाही.

महबूबची पोरं वळणावर दोन्ही पाय मारायची, त्यामुळं सांगड होडीच्या मागोमाग आपली आपण फिरायची. गुलशनला वाटलं आपणही पाय मारावेत, म्हणून तिनं मारले. पण जोर एकाच पायात. सांगड वळायच्या उलट अंगाला गेली, तिनं दोर ओढला आणि दोरानं होडीचं शेपूट धरून ठेवलं. इनुस जितका जोर लावी तितकी ती हलकी होडी नाकासमोर सरळ जाई, रुळावरून चालल्यासारखी. धार जवळ यायला लागली.

"वल्हं सोड," काठावरून महबूब ओरडला. इनुसनं सोडलं. दोर ढिला पडला, होडी आडवी फिरली, आणि सांगड धारेच्या तोंडाशी एका खडकाला थडकली. एक भोपळा फुटल्याचा आवाज झाला. गुलशनचं डोकं पाण्याखाली गेलं.

हौसराव तोपर्यंत निघालाच होता. ते रुंद काळं धूड बांबूच्या दोन रेट्यांत तिथं पोचलं, त्यानं नाव खडक आणि पोरीच्या मध्ये घातली आणि वाकून तिला बखोटीला धरून वर घेतलं. पाणी तिथं छातीइतकंच होतं आणि महबूबही उडी मारून पोचला होता; सगळं आटपायला एक विडी ओढायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. गुलशन खोकली, तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, आणि उरलेला एक भोपळा तिनं अजून काखेत धरलेला होता.

रशिदाच्या हातात ती आली तेव्हा जावेनं रशिदाला सांगितलं की तू कमरेइतक्या पाण्यात उभी आहेस. तोवर तिला पत्ता नव्हता.

काठावर आल्यावर ती नवऱ्याला एकच वाक्य म्हणाली. "झालं बघून."

इनुसनं मान खाली घातली. कबूल तर त्यानं केलंच होतं. तो खडकावर बसून राहिला आणि हातोडी त्यानं लांब ठेवून दिली. रशिदा पोरीचे केस पुसत होती. राग तिला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं, कारण ते सुंदर दिसणं तिनं बघितलं होतं आणि आता ते परत दिसणार नव्हतं, आणि तसं ठरवणारीही तीच होती.

बऱ्याच वेळानं इनुस उठला आणि हौसरावपुढं जाऊन उभा राहिला.

"मामा, चुकलं. मला शिकवा."

हौसरावनं त्याला टोमणा मारला नाही. एवढं एकच बघून रशिदाला त्या म्हाताऱ्याबद्दल कायमचा आदर वाटायला लागला. त्यानं इनुसला काळ्या नावेत नेलं आणि फळीवरच्या खाचेवर त्याचं बोट ठेवलं. "नाव फिरती ती आपल्या मध्याभवती. वजन मधी बांधलं तर शेपूट मोकळं ऱ्हातं. मागं बांधलं की तिचं शेपूट कुनीतरी धरल्यावानी हुतं. रूळ आसते तर चाललं आसतं."

इनुसनं पटकन दुसरी सांगड आणली. फिटर तो फिटरच, पटल्यावर सुद्धा करून बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. ओढायला नुसतं पडून राहणारं वजन पाहिजे म्हणून त्यानं महबूबला सांगडीवर आडवं घातलं आणि बजावलं, "पाय हालवायचा न्हाई, भाऊ. अजाबात." वडगाव रासाईचा तो भारदस्त शेतकरी, दोन एकर ऊस आणि चार पोरांचा बाप, मुकाट्यानं भोपळ्यांच्या मध्ये लोंबकळला. काळी नाव उंबरापाशी गेली आणि अलगद वळली. मग इनुसनं पांढऱ्या होडीचा दोर सोडून आपल्या बसायच्या फळीला बांधला, आणि तीही वळली. महबूबच्या बायकोला हसता हसता खाली बसावं लागलं. रशिदाला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं.

सात-आठ फेरे झाल्यावर इनुस ओला होऊन तिच्यापुढं आला. "दोनीबी चालत्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "दोष बोटीचा नव्हता. माझा हुता."

"मी काय बोलले का बोटीला?"

"घ्यायची कुठली मंग? साहेबाची पळती चांगली. मामाची दणकट हाय. उद्या सुतार येनार. सांग तू."

"मला काय करायची हाय नाव? पोरं महबूबभाऊंची बसनार. त्यांनाच इचारा." रशिदानं पोरीच्या वेणीची गाठ आवळली. "आपली पोरगी न्हाई जायची. ठरलंय आपलं."

तेव्हा गुलशन बोलली. इतका वेळ तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"मामाची घ्या, अब्बा."

"का गं? साहेबाची पळती की."

"तीत फकस्त वल्हवनारा बसतो. मामाच्या नावंत अम्मा बसंल."

"मी कुठं बसनार हाय?" रशिदा म्हणाली. "मी हितं, तुझ्याजवळ."

गुलशननं वेणी सोडवून घेतली आणि आईकडं तोंड फिरवलं. ती चिडली नव्हती, फक्त तिला ही गोष्ट इतके दिवस सांगायची राहून गेली होती. "अम्मा, मी कवाच गेले असते. दोन सालामागंच मामा म्हनले हुते, चल, धरून नेतो. तू पान्याला भ्यातीस. मी गेले आसते तर तू हितं खडकावर येकटी बसली आसतीस. सगळे पान्यात आन् तू येकटी. म्हून मी बसायचे."

चार उन्हाळे. चार उन्हाळे ती या खडकावर लेकीसाठी बसली होती, जावेला आणि सगळ्या जगाला तसं सांगत होती, आणि मनातल्या मनात त्याचं थोडं कौतुकही करून घेत होती. आणि ही अकरा वर्षांची पोर त्याच खडकावर आईला सोबत म्हणून बसली होती, पोरांचे श्वास मोजत. रशिदाचे डोळे भरून आले. तिला लाज वाटली, आणि लेकीवरची माया तर अशी उचंबळून आली की तिनं पदर तोंडाशी धरला.

"आता पानी नाकात गेलं तुझ्या," ती कशीबशी म्हणाली. "भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. पर आधी लई भारी वाटलं."

हौसराव आपल्या नावेतून उठून उभा राहिला.

"सूनबाई," तो म्हणाला, "दोरावर बसायला मला मानूस लागतं. ह्या फळीवर बसायचं, तोंड मागं करून, आन् सांगडीवर नजर ठेवायची. सांगड डावी गेली तर डावी म्हनायचं, उजवी गेली तर उजवी. आजवर माझी मालकीन बसायची. पुढं बघायचं काम माझं."

रशिदानं पाण्याकडं बघितलं, मग नावेकडं, मग पोरीकडं. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ती उठली. महबूबनं नाव काठाला दाबून धरली. जावेनं तिचा एक हात धरला, इनुसनं दुसरा, आणि रशिदा आयुष्यात पहिल्यांदा नावेत चढली. नाव जराशी हलली. तिनं डोळे मिटून अल्लाचं नाव घेतलं आणि मग उघडले.

गुलशन सांगडीवर आडवी झाली. इनुसनं दोर मधल्या फळीला बांधला, दोनदा ओढून बघितला आणि आपण वल्ह्यावर बसला. हौसरावनं बांबू रोवला. दोर ताणला गेला. लेकीचं ओलं तोंड पाण्यावर पुढं पुढं यायला लागलं, तोंडभर हसणारं, आणि रशिदा दोन्ही हातांनी फळी धरून, डोळ्यांची पापणी न लववता तिच्याकडं बघत राहिली.

"डावी," ती म्हणाली. थोड्या वेळानं परत म्हणाली, "उजवी, मामा, थोडी उजवी." तोंड सगळा वेळ मागं, लेकीकडं होतं, म्हणून नाव किती खोल पाण्यात गेली ते तिला कळलंच नाही.